उसन्या मावशीचा मोसम

नाक्यावरच्या दोन खांबांमध्ये पुन्हा पिवळं कापड ताणलं गेलं आहे. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं आहे, ‘दहावीनंतर काय? पालकांनो, घाबरू नका!’ खाली मोहिते सरांच्या क्लासचं नाव आणि शाखा: घाटकोपर, मुलुंड आणि यंदा नवीन, बोरिवली. भाजीची पिशवी घेऊन मी त्या कापडाखालून येते. वारा नसेल तर ते गप्प लोंबत असतं. वारा असला की फडफड करून सगळ्या पंतनगरला आठवण करून देतं की निकालाचे दिवस आले.

मे सरत आलेला असतो. घरोघरी डब्यांत नवा मसाला भरून झालेला असतो, तोंडाला फडकी बांधलेली असतात. गावाहून आलेल्या फणसाच्या आठळ्या कोपऱ्यात मातीत लोळत पडलेल्या असतात. वह्यांच्या दुकानात तपकिरी कागदाचे गुंडाळे उभे राहतात आणि प्लास्टिकचे रेनकोट दारात टांगले जातात. त्यांचा तो नवा, गरम झालेला वास फुटपाथभर येतो. मग एक दिवस निकाल लागतो आणि जिन्यावर पेढ्यांची ये-जा सुरू होते. पेढा आपल्या हातावर ठेवणारी बाई मुलाचे टक्के सांगते आणि आपण काय म्हणतो ते बघत तिथेच उभी राहते. आपण पुरेसं तोंड वासल्याशिवाय ती पुढच्या दारी जात नाही.

या दिवसांत जिन्यावर पेढ्यांची चाहूल लागली की मी दार लोटून घेते. मुलगी मोठी झाली, तिचे ते दिवस गेले, तरी घेते. मी मुळात बोलणारी बाई नाही. रेशनच्या रांगेत माझ्यापुढे कोणी घुसलं तरी मी त्याच्या पाठीकडे बघत राहते. माझं सगळं भांडण मनातल्या मनात चालतं. पण तिथे मात्र मी कोणाचं ऐकून घेत नाही. आणि त्या एका मोसमात ते भांडण मनातून बाहेर आलं. त्याबद्दल इतकी वर्षं लोक मला काही ना काही ऐकवत आलेत. माझं म्हणणं काय होतं ते कोणी विचारलं नाही. म्हणून इथे मांडते आहे.

मोहिते सरांचा क्लास आमच्या डोळ्यांसमोर वाढला. ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. एका खासगी शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आपल्या खोलीत चारदोन मुलांना बसवायचे. क्लास किती वाढला ते मला चपलांवरून कळायचं. आधी त्यांच्या दारापुरत्या चपला. मग त्या गॅलरीभर पसरल्या. मग जिन्याच्या पायऱ्यांवर आल्या आणि आम्हाला पाणी घेऊन वर चढताना पायाने चपला बाजूला साराव्या लागायच्या. बायका कुरकुरायच्या. सर हात जोडून म्हणायचे, ‘‘वहिनी, पोरांचं आयुष्य आहे हो, थोडं सोसा.’’ आणि आम्ही सोसायचो, कारण आमचीही पोरं त्यातच होती.

मग त्यांनी खालचा गाळा घेतला. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. फळा लावला, बाकडी आली, तरी भिंतींच्या खाचांतून पीठ झरायचं आणि मुलं घरी येताना केसांवर पांढरं घेऊन यायची. मग सायक्लोस्टाईलचं यंत्र आलं. त्याच्या शाईचा तेलकट वास नोट्सना यायचा आणि नोट्सचा वास माझ्या नीलमच्या हातांना. तिला वाढताना तो वास ताटापर्यंत यायचा. मला तो आवडायचा. माझ्या लेखी तो शिक्षणाचा वास होता. चौथीनंतर माझ्या वाट्याला पाटी आली नाही, पण हा वास माझ्या घरात वावरत होता.

मुलुंडची शाखा निघाली तेव्हा सरांनी शाळा सोडली. पांढरा सफारी शिवला. आणि त्यांच्या ध्यानात आलं की पालकांना परीक्षेपेक्षा परीक्षेनंतरची भीती जास्त असते. कुठल्या कॉलेजात जायचं, कुठली शाखा घ्यायची, फॉर्म कुठे मिळतो, कुणापुढे काय बोलायचं, हे आमच्यापैकी कोणाला माहीत होतं? गिरणीतून, कंपनीतून, मंडईतून दमून आलेली माणसं आम्ही. सरांनी गाळ्यात प्लायवूडची एक खोली काढली. दारावर पाटी लावली, ‘प्रवेश मार्गदर्शन’. आत एक पंखा, एक टेबल आणि बाहेर घाबरलेल्या आईबापांची रांग. माणूस वाईट नव्हता. पुष्कळांची मुलं त्यांच्यामुळे मार्गी लागली, तेही मी इथे लिहून ठेवते.

त्या वर्षी नीलम दहावी झाली. तिला सायन्सला जायचं होतं. शाळेत एकदा कांद्याचा पापुद्रा काचेखाली ठेवून दाखवला होता, तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. घरी आली आणि माझ्या हातातला कांदा घेऊन म्हणाली, ‘‘आई, याच्यात आत खोल्या असतात. आपल्या चाळीसारख्या, एकाला एक लागून.’’ मी म्हटलं, ‘‘असतील बाई. आता तो चिरू दे.’’

तिला मार्क चांगले पडले, पण घरापासून चालत जाता येईल असं जे कॉलेज होतं, तिथल्या सायन्ससाठी ते अगदी काठावर होते. त्या कॉलेजची एक पद्धत होती. वरच्या मार्कांची मुलं सरळ घ्यायचे आणि काठावरच्यांना पालकांसकट बोलवायचे. प्राचार्य स्वतः बोलायचे. मुलाचं घर कसं आहे, आईबाप मागे लागणारे आहेत की नाहीत, ते बघून ठरवायचे, असं सगळे म्हणत.

आणि म्हणून मोहिते सर पालकांची तालीम घ्यायचे.

ती तालीम आजही डोळ्यांपुढे आली की मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. त्या दुपारी मी डंकावरून मागे राहिलेला मसाला कांडून तशीच सरळ क्लासवर गेले होते. गरम डबा मांडीवर होता, आणि लवंगी मिरचीची पूड माझ्या केसांत, पदरात, भुवयांत सगळीकडे होती. प्लायवूडच्या खोलीत पंखा माझ्या मागे होता. बाकावर माझ्याशेजारी एक रिक्षावाले भाऊ, एक बँकेतले गृहस्थ आणि मंडईत लिंबं विकणारी एक म्हातारी, नातवासाठी आलेली. सर टेबलामागे प्राचार्य होऊन बसले. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी रिक्षावाल्यांना विचारलं, ‘‘मुलाच्या अभ्यासाकडे घरी कोण लक्ष देतं?’’

‘‘मी सोताहून, साहेब. रोज रातच्याला…’’ आणि त्यांना शिंक आली.

‘‘स्वतः म्हणा. सोताहून नाही,’’ असं म्हणता म्हणता सरांनाही शिंक आली. मग बँकवाल्यांना. मग सगळी खोली शिंकायला लागली. लिंबंवाली म्हातारी पदरात तोंड घालून म्हणाली, ‘‘मेलं, कॉलेज हे आसं तिखट आसतंय व्हय?’’

रिक्षावाले भाऊ डोळे पुसत हसत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डबा उचलून मी दाराबाहेर ठेवून आले, आणि परत येऊन बसले तर माझीच पाळी.

‘‘तुमचं शिक्षण?’’ सरांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

‘‘वहिनी, मी आत्ता मोहिते नाही. मी प्राचार्य आहे. बोला.’’

माझा आवाज फुटेना. समोरचा माणूस आमच्याच जिन्यावरचा, त्याच्या लग्नात मी वरणभात वाढलेला. तरी फुटेना. सरांनी चष्मा काढला. फार हळू, मला लागू नये म्हणून, ते म्हणाले, ‘‘राहू द्या वहिनी. आपल्याकडे सोय आहे.’’

ती सोय म्हणजे प्रधानबाई.

प्रधानबाई क्लासमध्ये इंग्रजी शिकवायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, मनगटावर बारीकसं घड्याळ. आवाज असा की वाक्य संपलं की टाळी वाजवावी. ज्या मुलांचे आईबाप तालमीत नापास व्हायचे, त्यांच्याबरोबर प्रधानबाई मावशी म्हणून कॉलेजात जायच्या. ‘‘आईची तब्येत बरी नाही, मी तिची बहीण. मुलाचं सगळं मीच बघते,’’ एवढं म्हणायचं आणि मग इंग्रजी सुरू. निकाल लागल्यापासून प्रवेश संपेपर्यंत बाई नुसत्या मावशी असायच्या. घाटकोपरात मावशी, मुलुंडात मावशी.

‘‘अहो, परवा एका गुजराती मुलाची मावशी झाले,’’ बाहेर पाणी पिताना त्या मला सांगत होत्या. ‘‘प्राचार्य निघाले गुजराती. लागले माझ्याशी गुजरातीत बोलायला! मी म्हटलं, सर, प्लीज, मुलाला इंग्लिशची सवय राहू द्या.’’ आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आलं. मला त्यांचा राग येत नव्हता. त्या काही माझी जागा चोरायला आल्या नव्हत्या. त्यांना बोलावलं होतं.

घरी विषय निघाला तेव्हा नीलमचे बाबा जेवत होते. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. बोलायला लागले की थेट मालवणीतच. मी म्हटलं, मीच जाईन म्हणते.

‘‘तू कित्याक जातंस गो? ती बाई नीट बोलतली. तुझा तोंड उघडता काय थंयसर?’’

मी म्हटलं, ‘‘मग तुम्ही चला.’’

‘‘माका सुट्टी खंय गावता?’’ असं म्हणून त्यांनी ताक ओढलं. मला माहीत होतं, सुट्टी मिळाली असती. त्यांनाही त्या खुर्चीची भीती होती, पण पुरुषाच्या भीतीला सुट्टीचं कारण देता येतं.

मागाहून मी नीलमची वेणी घालत होते, तेव्हा माझ्याकडे पाठ असताना म्हणाली, ‘‘आई, तू नको ना येऊस.’’

‘‘का गं?’’

‘‘माझं सायन्स जाईल. तू तिथे काहीच बोलणार नाहीस. मग ते म्हणतील, हिच्या घरी…’’

‘‘हिच्या घरी काय?’’

‘‘काही नाही. तू वेणी घाल.’’

मी वेणी घातली. नेहमीसारखी घट्ट. मी चिडले होते. तिच्यावर नाही. सोळा वर्षांच्या मुलीला जे हवं होतं ते तिने मागितलं, आणि ते मिळवण्याचा रस्ता तिला तसाच दाखवला गेला होता. चीड आली ती त्या सोपेपणाची. इतक्या सहज आपल्याला बाजूला सारता येतं? पहाटे उठून डबा करायला मी चालते. तापात कपाळावर पट्ट्या ठेवायला मी चालते. शाळेच्या गॅदरिंगला दोरीमागे उभं राहून टाळ्या वाजवायलाही चालते. फक्त त्या एका खुर्चीवर बसायला मी चालत नाही, तिथे इस्त्रीची साडी हवी.

सर जिन्यात भेटले तेव्हा मला समजावत होते. ‘‘वहिनी, फळवाला चांगली बाजू वर करूनच फळ मांडतो ना? त्यात फसवणूक काय आहे?’’ मी मान हलवली आणि वर आले. अर्ध्या जिन्यात उत्तर सुचलं. चांगली बाजू वर करा, पण दुसऱ्याच्या गाडीवरचं फळ आणून कसं मांडता? पण तोवर सर खाली पोचले होते. माझी उत्तरं नेहमी अशीच अर्ध्या जिन्यात येतात.

मला एवढंच वाटत होतं की आज ही दुसऱ्याची आई घेऊन आत गेली, तर हिला ती सवय लागेल. उद्या नोकरीच्या ठिकाणी, परवा लग्नाच्या बोलणीत, जिथे जिथे चांगल्या घरची माणसं बसलेली असतील तिथे तिथे ही मला दाराबाहेर ठेवेल आणि एखादी मावशी शोधेल. आणि तिला त्याचं काही वाटेनासं होईल. कॉलेज एक गेलं तर दुसरं असतं. पण आई अशी एकदा दाराबाहेर ठेवली की मग ती तिथलीच होऊन जाते. हे मला तेव्हा अशा शब्दांत सांगता आलं नसतं. पोटात मात्र नेमकं हेच होतं.

ठरलेल्या सकाळी नीलम प्रधानबाईंबरोबर गेली. मी दार लावलं. धुणं तसंच बादलीत ठेवलं आणि साडी बदलली. कपाटातली ठेवणीतली साडी हाताला लागली होती. ती मी परत आत ठेवली. सणाची साडी नेसून गेले असते, तर मीही कोणाची तरी उसनी मावशीच दिसले असते. बाजारात जाताना नेसते तीच नेसले.

कॉलेजच्या व्हरांड्यात बाकडी होती. बाकांवर मुलं आणि त्यांचे नटलेले पालक. नीलमने मला लांबून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तो चेहरा मी विसरलेली नाही. मला परत फिरवायला तेवढा पुरेसा होता. पण मी फिरले नाही. जाऊन त्या दोघींच्या शेजारी बसले. प्रधानबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नीलमकडे पाहिलं, आणि पर्स मांडीवर सरळ केली.

शिपायाने नाव पुकारलं. ‘‘पालक एकच आत. कोण आहे?’’

मी उभी राहिले. प्रधानबाई अर्ध्या उठल्या होत्या, त्या परत बसल्या. म्हणाल्या, ‘‘जा ताई. आज मला सुट्टी.’’ आणि माझ्या खांद्यावरचा पदर त्यांनी हलकेच सारखा केला. त्या बाईंचं हे मी कधी विसरणार नाही.

आत मोठं टेबल होतं. प्राचार्यांनी आधी इंग्रजीत काहीतरी विचारलं. नीलमने उत्तर दिलं. मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत आले.

‘‘आपलं शिक्षण?’’

‘‘चौथी!’’

भित्र्या माणसाचा आवाज कोंडलेला असतो. तो बाहेर पडला की केवढा पडेल ते त्याच्या हातात नसतं. माझं ‘चौथी’ त्या खोलीत असं घुमलं की खिडकीशी फाईल चाळणारा कारकून वळून बघायला लागला.

‘‘घरी हिचा अभ्यास कोण घेतं?’’

तालमीतलं उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, ‘‘कोणी नाही.’’

‘‘सायन्स घेतल्यावर पुढे काय करावं लागतं, याची कल्पना आहे?’’

‘‘नाही.’’

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘‘आपण आई ना हिच्या?’’

‘‘हो, मीच आई,’’ मी म्हटलं. तेही मोठ्यानेच. त्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच उत्तर मला पक्कं माहीत होतं.

यादी लागली तेव्हा नीलमचं नाव त्यात नव्हतं.

माझ्यामुळे नव्हतं की मार्कांमुळे, ते मला आजही माहीत नाही. मी विचारायला गेले नाही. तिथे प्रधानबाई गेल्या असत्या तर नाव लागलंच असतं, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. आणि नक्की लागलं असतं, असं समजलं तरी मी त्या खोलीत पुन्हा जाईन.

ते दिवस वाईट होते. हे घरी येऊन पायातले बूट न काढताच म्हणाले, ‘‘झाला तुझा समाधान?’’ मोहिते सर जिन्यात थांबून म्हणाले, ‘‘वहिनी, रागावू नका, पण मुलीचं नुकसान केलंत तुम्ही. मी सोय केली होती.’’ पाण्याच्या वेळी बायका गप्प व्हायच्या, म्हणजे मी यायच्या आधी काय चाललेलं असायचं ते उघड होतं. नीलम आपली वेणी आपण घालायला लागली. तिला मागची बट सापडायची नाही, भांग वाकडा जायचा. मी स्वयंपाकघरातून बघायची. हात पुढे केला नाही. तिला चिडायचा हक्क होता, आणि मला माझं म्हणणं मागे न घेण्याचा. एकाच खोलीत आम्ही दोघी आपापला हक्क सांभाळत हिंडत होतो.

त्या दिवसांत मला आमची शाळा आठवायची. गावची, कौलारू, एका मास्तरांची. चौथी झाल्यावर मास्तर आमच्या घरी आले होते. म्हणाले, पोरगी पुढे शिकवा, तालुक्याला सोय होईल. आमचे वडील त्यांच्याशी ओटीवर बोलले. मी माजघरात होते. माझ्याबद्दलचं बोलणं चाललं होतं आणि मला कोणी ओटीवर बोलावलं नाही. मीही गेले नाही. मास्तर गेल्यावर आईने सांगितलं, उद्यापासून गुरांकडे तू बघ. झालं. कधी कधी वाटतं, मी त्या दिवशी ओटीवर जाऊन नुसती उभी राहिले असते तर? काही बदललं नसतं बहुतेक. पण उभी राहिले असते. मोठेपणी कॉलेजच्या व्हरांड्यात मी जी उभी राहिले, त्यातलं थोडं उभं राहणं त्या ओटीवरचं होतं.

कालच तळमजल्यावरची सुलभा माझ्याकडे आली. तिच्या मुलालाही काठावरचे मार्क पडलेत. क्लासमध्ये आता एक प्रधानबाई पुरत नाहीत. सरांनी दोघी-तिघी ठेवल्यात, आणि एक सुटाबुटातले काकाही आहेत म्हणे. सुलभा दारातच बसली. नखाने फरशी टोकरत म्हणाली, ‘‘तू गेलीस ना गं तेव्हा, खरं सांग, नंतर वाटलं का, की उगाच गेले?’’

‘‘नाही.’’

‘‘अगं पण सीट गेली ना तिची.’’

‘‘गेली असेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? तुझा मुलगा आहे. तू त्याची आई म्हणूनच जा.’’

‘‘मला बोलता येत नाही गं. वाट लागेल त्याची.’’

‘‘मला कुठे येतं?’’ मी म्हटलं. ‘‘बोलायला नाही जायचं. बसायला जायचं.’’

ती हसली. ‘‘तू ना, गप्प गप्प असतेस आणि भारी हट्टी आहेस.’’ ती उठली. सरांची उसनी मावशी पाठवेल की स्वतः जाईल, ते तिचं ती ठरवेल. माझ्यासारखं करच, असं मी म्हणणार नाही. त्याची काय किंमत पडू शकते, हे मी तिच्यापासून लपवलं नाही.

आता चेंबूरचं सांगायचं राहिलं.

ते कॉलेज त्याच मोसमात नीलमने स्वतःच शोधलं. कोणा मैत्रिणीकडून तिला कळलं की तिथे सायन्सच्या थोड्या जागा उरल्यात. क्लासमध्ये सांगितलं होतं, तिकडे काही होणार नाही, कॉमर्स घे. तिने ऐकलं नाही. सकाळी उठून माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘चेंबूरला जायचंय. पालक लागतो.’’ एवढंच. मी चप्पल पायात सारली.

बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसलो होतो, पण ती खिडकीबाहेर बघत होती. कॉलेज साधं होतं. भिंतींना ओल आलेली, अंगणात गुडघाभर गवत. ऑफिससमोर पोचलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘तू इथे थांब.’’ आणि एकटी आत गेली. मी खांबाला टेकून उभी राहिले. म्हटलं, चला, मुलीने तिच्यापुरतं ठरवलेलं दिसतं.

खिडकी उघडी होती. आतलं ऐकू येत होतं. कारकून कागद उलटत होता. त्याने विचारलं, ‘‘बरोबर कोण आलंय? वडील?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काका, मामा? कोणी शिकलेलं आहे का? इथे हमीपत्र वाचून सही करायची असते.’’

मी कान देऊन उभी होते. सांगायला तिच्याजवळ काय काय होतं ते मला माहीत होतं. बाबा कामावर आहेत. मावशी उद्या येईल. चालून गेलं असतं.

‘‘आई आलीय,’’ नीलम म्हणाली. ‘‘चौथी शिकलीय. वाचता येतं तिला. थांबा, बोलावते.’’

तिची पावलं दाराकडे आली. दारात आमची टक्कर होता होता राहिली. ती मला बोलवायला आली होती खरी. पण तिने बोलावलं म्हणून मी आत गेले, असं कोणी समजू नये. चप्पल बाहेर काढून एक पाऊल मी आधीच आत टाकलेलं होतं.